बोटीच्या इंजिनाला बाइकचा पंप चालेल का?

प्रश्न : कोरेगाव भीमा आणि आसपासच्या दोन-तीन गावांतल्या आम्ही पोरांनी वर्गणी काढून एक जुनी फायबरची बोट आणि २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन घेतलंय. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की भीमा काठ सोडते, तेव्हा कामाला यावं म्हणून. शिवाय गणपती विसर्जनाला. दोरी ओढली की इंजिन चालू होतं, हळू चालवलं तर कुरकुर नाही. पण निम्म्याच्या वर थ्रॉटल दिला की दम तोडतं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा एकजण दाबत बसला तर मात्र व्यवस्थित पळतं. आमचे मिस्त्री म्हणतात, याचा पंप गेला; बाइकचा इलेक्ट्रिक पंप लावून टाकू, कायमची कटकट मिटेल. कोणत्या गाडीचा पंप घ्यावा?
– एक वाचक, कोरेगाव भीमा (ता. शिरूर)

उत्तर : कोणत्याच बाइकचा घेऊ नका. मिस्त्रींचं निदान अर्धं बरोबर आहे, औषध मात्र चुकलंय. फुगा दाबल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ कार्बोरेटरला पेट्रोल कमी पडतंय, एवढं नक्की. म्हणजे प्लग, कॉइल यांच्यामागे धावायचं कारण नाही. पण पेट्रोल कमी पडण्याचा दोष पंपाचाच असेल असं नाही, आणि पंपाचाच निघाला तरी त्याच्या जागी बाइकचा पंप बसवलात तर कार्बोरेटर ओसंडून वाहील.

मिस्त्रींना बाइकचाच पंप का सुचला, हे कळण्यासारखं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून नव्या बाइक आणि स्कूटर जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि प्रत्येकीच्या टाकीत एक इलेक्ट्रिक पंप आला. पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर हवा तितका माल. स्वस्त, १२ व्होल्टचा, हातात मावणारा. पण हा पंप इंजेक्टरसाठी केलेला आहे आणि इंजेक्टरला दाब लागतो साधारण ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या वर. तुमच्या कार्बोरेटरला लागतो २ ते ५ पीएसआय. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि एक बारीक सुई वाट बंद करते. बाइकच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाने पेट्रोल आलं तर ती सुई कशी टिकेल? ती उचलली जाते, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि झाकणाखाली, तापलेल्या इंजिनावर सांडतं. तिथेच स्पार्कच्या वायरी आहेत.

‘मग मध्ये रेग्युलेटर टाकू’ असं लगेच कोणीतरी म्हणेल. रेग्युलेटर दाब उतरवतो, पण या जातीच्या पंपाने फेकलेलं जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी त्याला लागते. तुमच्या सुट्या लाल टाकीला परतीचं तोंडच नसतं. शिवाय बाइकचा पंप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेला असतो. ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. बाहेर, कोरडा, टाकीपासून लांब बसवला तर तो ओढायला कच खातो आणि लवकर जळतो. स्वस्तातल्या पंपासाठी हजारोंचा जुगाड, असा हा प्रकार आहे.

आता तुमच्या इंजिनाच्या स्वतःच्या पंपाकडे वळू, कारण त्याची करामत फार लोकांना ठाऊक नसते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, खाली आला की दाब. ही मागे-पुढे होणारी हवा एका बारीक छिद्रातून पंपाच्या पातळ पडद्यामागे येते. पडदा म्हणजे डायफ्राम. तो धडधडतो, दोन झडपा उघडझाप करतात आणि पेट्रोल पुढे सरकतं. वायर नाही, बॅटरी नाही, मोटर नाही. इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात; इंजिन बंद पडलं की पंपही त्याच क्षणी बंद. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा. इलेक्ट्रिक पंपात तो फुकट मिळत नाही, वायरिंग करून आणावा लागतो.

या पंपाचा पडदा जुना झाला की ताठ होतो किंवा फाटतो. ताठ झाला तर हळू चालताना पुरतं आणि वेगात कमी पडतं, हे तुमच्या तक्रारीशी जुळतं. पण पंप उघडण्याआधी टाकीपासून सुरुवात करा. इंजिनाकडून उलटं नको.

टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल उपसलं जाईल तशी आत पोकळी होते आणि पंप कितीही दमदार असला तरी ओढू शकत नाही. हा दोष इतका साधा आहे की सांगायलाही संकोच वाटतो, पण बंद पडलेल्या कित्येक इंजिनांचं दुखणं तेवढंच असतं. मग टाकीतल्या नळीच्या तळाची जाळी पाहा. मग फुग्याच्या दोन्ही टोकांचे आणि इंजिनाला लागणाऱ्या कनेक्टरचे ओ-रिंग. मग इंजिनावरचा छोटा फिल्टर. जोरात चालवताना एकाने फुग्याकडे लक्ष ठेवायचं. फुगा आत चेपला जात असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे आहे. फुगा मऊ पडतोय पण चेपत नाही, तर कुठूनतरी हवा घुसतेय, किंवा फुग्यातली झडप गेली आहे. इंजिनाजवळ वीतभर पारदर्शक पेट्रोलची नळी तात्पुरती लावली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. अडथळा नाही आणि हवाही नाही, असं ठरल्यावरच पंपावर बोट ठेवायचं.

नळीवर मात्र संशय जास्त ठेवा. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून त्याचा पापुद्रा लोंबतो. कमी वेगात पेट्रोल त्याच्या बाजूने निघून जातं, जोर वाढला की पापुद्रा वाट अडवतो. बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून हा त्रास वाढलाय. देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचलं. तुमचं इंजिन जुनं आहे, म्हणजे त्यातलं रबर या पेट्रोलचा विचार करून केलेलं नाही.

आपल्या पट्ट्यातल्या मिस्त्रींबद्दल एक गोष्ट सांगतो, उणं काढायला नव्हे. शिरूर-दौंडच्या भीमेत इंजिनाची बोट म्हटली की वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे आली ती वाळूवाल्यांची, ट्रकचं डिझेल इंजिन बसवलेली. महसूल खात्याने पकडून जिलेटिनने उडवल्याच्या बातम्यांतली. ज्याचा हात डिझेलवर बसलाय तो ‘हवा पकडली’ म्हटलं की स्क्रू ढिला करून तेल वाहू देतो आणि हवा काढतो. डिझेलला ते चालतं. पेट्रोलच्या बोटीत तसं करू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि पाणी उपसल्यासारखी काढता येत नाही.

आणखी एक स्थानिक कारण तपासा : जलपर्णी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येते, आणि या सगळ्या नद्यांबरोबर शहरांचं सांडपाणी आणि हिरवा गालिचा येतो. आऊटबोर्ड इंजिन नदीच्याच पाण्याने थंड होतं. ते पाणी खालच्या जाळीतून वर ओढलं जातं आणि जाळीवर जलपर्णीच्या मुळ्या बसल्या की इंजिन तापतं. झाकणाखालच्या नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, पंपाला ती ढकलता येत नाही आणि इंजिन अगदी पेट्रोल संपल्यासारखं दम तोडतं. फुगा दाबला की चालतं, कारण तुम्ही वाफेला रेटून पेट्रोल पुढे पाठवता. म्हणजे पंप निर्दोष आणि लक्षण तंतोतंत पंपाचं! इंजिनाच्या मागच्या बाजूने जी बारीक धार सतत पडत असते ती बारीक झाली किंवा थांबली आहे का, हे आधी बघा. उन्हाळ्यात भर दुपारी बिघाड होतो आणि सकाळी होत नाही, तर संशय आणखी पक्का.

हे सगळं बघून पंपच दोषी ठरला तर सर्वांत चांगला उपाय जुनाच आहे : त्याच मॉडेलचा पडदे आणि गॅस्केटचा संच आणून पंप पुन्हा बांधणं. अर्ध्या तासाचं काम आहे. पंप उघडताना क्रँककेसकडच्या छिद्रात पेट्रोल साचलेलं दिसलं तर पडदा फाटला असल्याचा दाट संशय घ्या. असं इंजिन धूर जास्त करतं आणि एका सिलिंडरचा प्लग ओला निघतो. संच मिळत नसेल तर तशाच हवेच्या धडधडीवर चालणारे सुटे चौकोनी पंप मिळतात, मिकुनी वगैरे कंपन्यांचे. कार्टिंगच्या गाड्यांपासून छोट्या बोटींपर्यंत ते चालतात. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिक पंपाच्या आधी याचा नंबर.

इलेक्ट्रिक पंपाला जागाच नाही असं मात्र नाही. मूळ पंपाचे भाग मिळेनासे झाले, टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला किंवा तळात खोल आहे, इंजिन महिनोन्‌महिने उभं राहतं आणि दर वेळी फुगा दाबून हात दुखतात, अशा वेळी तो शहाणपणाचा ठरतो. तर मग निवड कशी करायची?

पहिला निकष दाब, बाकी सगळं नंतर. कार्बोरेटरसाठी केलेला, ‘लो प्रेशर’ पंप हवा. वर २ ते ४ पीएसआयच्या आसपासचा आकडा हवा. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाब दिला असेल तर माझा आकडा विसरा, तो पाळा. फॅसेटसारख्या कंपन्यांचे लहान चौकोनी ठोकळ्यासारखे पंप या कामासाठी जगभर वापरतात. ते टिकटिक करतात आणि पुढची वाट बंद झाली की दाब न वाढवता थांबून राहतात; म्हणून त्यांना परतीची नळी लागत नाही. पण अगदी त्याच आकाराच्या नकला बाजारात ढिगाने आहेत आणि त्यांच्यावर छापलेला दाब खरा असेलच असं नाही. टी-जोड लावून छोट्या गेजने मोजा. गेज पंपापेक्षा महाग पडणार नाही.

दुसरा निकष प्रवाह, आणि इथे लोक उगाच मोठा पंप घेतात. हिशेब सोपा आहे. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन तासाला किती पितं याचा अंदाज हॉर्सपॉवरला दहाने भागून येतो, उत्तर अमेरिकन गॅलनमध्ये. २५ ला १० ने भागलं की अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर. जुनं टू-स्ट्रोक जरा अधाशी असतं, १२ लिटर धरा. आता वर तिप्पट राखीव ठेवली तरी तासाला ३६ लिटर झाले. छोट्यातला छोटा चौकोनी पंपही सहसा याहून जास्त देतो. तेव्हा ‘जास्त ताकदीचा’ म्हणून विकला जाणारा पंप घेऊन काही मिळत नाही, दाब वाढण्याचा धोका मात्र मिळतो.

तिसरं, ठिणगी. पंपावर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ किंवा ‘एसएई जे ११७१’ लिहिलेलं असावं. म्हणजे त्याच्या आत ठिणगी पडली तरी बाहेरची वाफ पेटत नाही, अशी चाचणी झालेली असते. गाडीच्या पंपावर हे नसतं; गाडीखालून वारा वाहतो, बोटीचा तळ बंद असतो. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारं रबर आत आहे का, हेही विचारा.

बसवण्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक एकच आहे, म्हणून ती ठळकपणे सांगतो. जुना पंप काढला की क्रँककेसचं ते छिद्र उघडं पडतं. ते गॅस्केट आणि पट्टी लावून घट्ट बंद करायलाच हवं. उघडं राहिलं तर तिथून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, टू-स्ट्रोकला पेट्रोलमधूनच मिळणारं तेलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. जुना पंप तसाच ठेवून त्याच्यामागे इलेक्ट्रिक पंप जोडायचा विचारही नको. पडदा फाटला तर इलेक्ट्रिक पंप थेट क्रँककेसमध्ये पेट्रोल भरेल. काही लहान इंजिनांत हा पंप कार्बोरेटरच्या अंगातच ओतलेला असतो. तुमचं तसं निघालं तर विषय संपला, पडदे बदला आणि सोडून द्या.

पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर हवा. पंप इंजिनाजवळ ठेवा. फुगा काढू नका, बॅटरी उतरली तर तोच उपयोगी पडेल. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे नियम आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी आहेत, आऊटबोर्डला ते लागू नाहीत. तरी त्यातल्या दोन अटी कुठल्याही बोटीने उसन्या घ्याव्यात अशा आहेत : पंप इंजिनावर किंवा त्याच्यापासून १२ इंचांच्या आत असावा, आणि इंजिन फिरत असताना किंवा सुरू करतानाच तो चालावा. पहिलीचं कारण उघड आहे. ओढणाऱ्या नळीला भोक पडलं तर हवा आत येते, इंजिन बंद पडतं, एवढंच. दाबाच्या नळीला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर फवारतं. म्हणून दाबाची नळी जितकी आखूड तितकी बरी.

दुसरी अट पाळायला थोडं डोकं लागतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल प्रेशरच्या स्विचवरून पंपाचा रिले चालवता येतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल प्रेशर नावाची गोष्टच नसते; तिथे इग्निशनची धडधड ओळखून चालणारा रिले घ्यावा लागतो, म्हणजे इंजिन थांबताच दोन-तीन सेकंदांत पंप बंद. नुसता टॉगल स्विच लावून ‘आम्ही आठवणीने बंद करू’ हे पुराच्या पाण्यात चालत नाही. मनगटाला बांधायची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती फक्त इग्निशन तोडते. पंपाची वायर बॅटरीवरून थेट घेतलीत तर माणूस पाण्यात आणि पंप चालूच.

आता तो प्रश्न जो मिस्त्रींनी विचारला नाही : वीज कुठून आणणार? तुमचं इंजिन दोरीने सुरू होतं. बहुधा त्याला बॅटरी नाही. दिव्याची कॉइल असेल तर ती एसी देते; तिला रेक्टिफायर-रेग्युलेटर जोडावा लागतो. चौकोनी पंप एक ते दोन अँपिअर खातो, म्हणजे बाइकची नवी ७ एएचची बॅटरी चार्जिंगशिवाय तीन-चार तास पुरेल. आणि ती बॅटरी वर्षातले अकरा महिने कुठल्यातरी शेडमध्ये पडून असणार. ज्या दिवशी चासकमान, भामा आसखेड भरून सांडव्यावरून पाणी येतं त्या दिवशी गावात लाइट असेलच याची खात्री नाही. बॅटरीवर अवलंबून नसलेलं इंजिन बॅटरीवर अवलंबून करणं, हा पूरबोटीसाठी उलटा प्रवास आहे. तुमच्या बोटीपुरता माझा कौल स्पष्ट आहे : पडद्यांचा संच, नवी नळी, नवा फुगा. इलेक्ट्रिक पंप नको.

पंपाच्या पलीकडचं थोडं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी गावातली बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहाजण गेले. दोन्हींत पंपाचा काही संबंध नव्हता. पण धारेत इंजिन बंद पडलेली बोट आडवी होते आणि घाबरलेली माणसं उभी राहतात, तेव्हा कारण काय होतं याला अर्थ उरत नाही. वल्ही आणि नांगर बोटीत असल्याशिवाय आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नका. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. त्यांच्या रबरी बोटींवरही आऊटबोर्डच असतात, त्यांच्या भाषेत ‘ओबीएम’. ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं जातं. तहसील कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात तुमच्या मंडळाची आणि बोटीची नोंद करा, प्रशिक्षणाबद्दल तिथेच विचारा. इंजिनाच्या बोटींना अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू होतो, तेव्हा नोंदणीचंही विचारून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं आऊटबोर्ड आहे. त्याचा पंप गेल्याचं सांगतात. वर तुम्ही म्हणाल बाइकचा नको, पण हे तर इंजेक्शनचं आहे!
– एक वाचक, दौंड

उत्तर : तुमच्या इंजिनात पंप एक नाही, दोन आहेत, आणि कुठला गेलाय हे आधी ठरवा. पहिला कमी दाबाचा; तो टाकीतून ओढून एका छोट्या डब्यात पेट्रोल भरतो. या डब्याला व्हेपर सेपरेटर म्हणतात. त्यात फ्लोट आणि सुई असते, अगदी कार्बोरेटरसारखी. दुसरा जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बहुधा त्या डब्यातच बुडालेला असतो आणि इंजेक्टरला ३ बारच्या आसपास दाब देतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, ती याची. गुणगुण येते पण दाब नाही, तर पंपाखालची जाळी चिकट झालेली असू शकते. उभ्या इंजिनात पेट्रोल सुकून त्याचा डिंक होतो. जाळी आणि डबा साफ करून बघा. पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं.

पंप खरंच जळला असेल तर दाब, प्रवाह, बाहेरचा व्यास, लांबी आणि वायरचा जोड हे पाचही जुळणारा पंप लागतो. व्यास जुळून प्रवाह जास्त असलेला पंप घेतला तर जास्तीचं पेट्रोल त्या छोट्या डब्यातच फिरत राहतं, तापतं आणि उन्हात वाफेचा त्रास सुरू होतो. कंपनीचा पार्ट नंबर देऊन मागवा. आठवडा-दोन आठवडे थांबावं लागलं तरी थांबा.

प्रश्न : वडिलांच्या काळातलं एक जुनं जॉन्सन इंजिन आहे. त्याच्या टाकीला दोन नळ्या आहेत आणि इंजिनावर पंपच सापडत नाही. चोरीला गेला का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : चोरीला नाही गेला, तो कधी नव्हताच. ओले एव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास आऊटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली तेव्हा टाकी इंजिनाच्या डोक्यावर असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. पुढे टाकी बोटीत आली. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांनी युक्ती अशी केली की क्रँककेसची दाबाची हवा एका नळीने टाकीत सोडायची आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर ढकलायचं. म्हणजे पायाशी पेट्रोलची टाकी, आणि तीही दाबाखाली. झाकणाचं गॅस्केट वाळलं की इंजिन रुसतं, आणि टाकीला चीर गेली की काय होईल ते सांगायला नको.

ही टाकी निवृत्त करा आणि एका नळीची साधी टाकी घ्या. तुमच्या बाबतीत पंप नव्याने बसवणं खरंच योग्य आहे. क्रँककेसची धडधड एखाद्या जागेवरून घेता आली तर हवेवरचा पंप. नाही तर वर सांगितलेल्या अटींसकट २ ते ४ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप. हवेची जुनी वाट आणि तिच्या झडपा आधी नीट बंद करून घ्या. एव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन बीआरपी कंपनीने २०२० मध्ये थांबवलं, पण या जुन्या घराण्याच्या इंजिनांचे कार्बोरेटरचे संच अजून मागवता येतात.

प्रश्न : पावसाळ्यात बोट तयार असावी म्हणून आम्ही मे महिन्यातच टाकी भरून ठेवतो. चालेल ना?
– एक वाचक, भिगवण

उत्तर : नाही. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. पुरेसं पाणी जमलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकला त्या थरात तेलही मिळत नाही. टाकी रिकामी ठेवा, पाऊस लागला की ताजं पेट्रोल आणा, तेल त्याच दिवशी मिसळा (५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली), आणि दर पंधरवड्याला इंजिन पिंपातल्या पाण्यात पाच मिनिटं चालवा. बोट कामावरून आली की नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या.

बोटीच्या इंजिनाबद्दल लिहिणाऱ्यांना एक विनंती. इंजिनाला बोटीच्या फळीवर धरणाऱ्या ब्रॅकेटवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल आणि सीरियल नंबर प्रश्नाबरोबर कळवा. त्याशिवाय पंप, पडदा किंवा जेट यातलं काहीच नेमकं सांगता येत नाही.